खिशातला खर्रा, खात्यातले हजार

खर्रा घोटणं हे हाताचं काम आहे. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या बसस्थानकांवर, तहसील कचेरीच्या फाटकाशी, गावच्या चौकात, जिथे पानठेला आहे तिथे ते दिवसभर चाललेलं असतं. ठेलेवाला प्लास्टिकच्या पन्नीवर सुपारीचा चुरा टाकतो, त्यावर तंबाखू, वरून चुना. पन्नीची गुंडाळी करून ती पाटीवर तळहाताने रगडत राहतो. सुपारी मऊ पडते, तंबाखू आणि चुना तिच्यात मुरतात, पन्नीला आतून ओल सुटते. वर रबर चढतं आणि पुडी गिऱ्हाइकाच्या हाती जाते. ही पुडी सहसा कुणी एकट्याने खात नाही. उघडली की चिमूटभर शेजारच्याच्या तळहातावर जाते. शेताच्या बांधावर, लग्नात, मयतीला, कचेरीच्या ओसरीवर खर्रा पुढे करणं हा पाहुणचाराचा भाग होऊन बसला आहे.

आता थोडा हिशेब करू. पुडी दहा रुपयांची धरली आणि माणूस दिवसाला तीन पुड्या खातो असं मानलं, तर महिन्याचे नऊशे रुपये होतात, वर्षाचे जवळपास अकरा हजार. केंद्र सरकार क्षयरुग्णाला सकस खाण्यासाठी महिन्याला हजार रुपये थेट बँक खात्यात देतं. म्हणजे आजारातून उठावं म्हणून सरकार जेवढे पैसे खात्यात टाकतं, जवळपास तेवढेच एक माणूस पानठेल्यावर ठेवून येतो.

या दोन रकमा शेजारी ठेवल्या की या प्रकरणाचा प्रश्न उभा राहतो. चांगली सवय लागावी, वाईट सुटावी म्हणून माणसाला पैसे द्यावेत का? हातातल्या मोबाइलचा त्यासाठी उपयोग होतो का? जगभर गेली वीस-पंचवीस वर्षं यावर प्रयोग झाले आहेत. त्यांतून जे कळलं ते या दोन जंगल जिल्ह्यांत लावून पाहिलं की कुठे लागू पडतं आणि कुठे अपुरं पडतं, हे चांगलं उमगतं.

आजची तलफ, उद्याचा आजार

तंबाखू वाईट आहे हे न कळणारा माणूस आता शोधून सापडणार नाही. तंबाखूच्या पाकिटावर ते छापलेलं असतं, शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं असतं. तरीही २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, आणि त्यांतले बहुतेक ती चघळणारे होते. माहिती पोचली आहे, सवय हललेली नाही.

याचं कारण काळाच्या हिशेबात आहे. तलफ आत्ता लागते, ती भागवल्याचं सुख आत्ता मिळतं. तोंडाचा कर्करोग झालाच तर पंधरा-वीस वर्षांनी. मन आजच्या सुखाला जास्त वजन देतं आणि उद्याच्या दुःखाला कमी. रक्तदाबाच्या गोळीचं उलटं असतं. गोळी घेण्याचा त्रास आजचा, आणि तिचा फायदा कधीच डोळ्यांना दिसत नाही, कारण तो ‘न आलेला झटका’ असतो. बक्षिसाची सगळी युक्ती एवढीच की दूरच्या फायद्याचा एक छोटा तुकडा उचलून आजच्या दिवसात आणून ठेवायचा.

ही युक्ती चालते. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीच्या ८७८ कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात धूम्रपान सोडणाऱ्यांना टप्प्याटप्प्याने एकूण ७५० डॉलर देऊ केले. वर्षाच्या आसपास तपासलं तेव्हा पैसे देऊ केलेल्या गटात १४.७ टक्के लोकांनी सिगारेट सोडलेली होती. दुसऱ्या गटाला फक्त माहिती दिली होती, तिथे हे प्रमाण ५ टक्के होतं. बक्षिसं संपल्यावर आणखी सहा महिन्यांनी पाहिलं तर आकडे ९.४ आणि ३.६ वर आले होते. फरक टिकला होता, पण बरेच जण परत फिरले होते. या विषयातले बहुतेक आकडे असेच बोलतात: पैशाने सुरुवात होते, टिकवण्यासाठी आणखी काहीतरी लागतं.

स्वतःचेच पैसे पणाला लावायला सांगितले तर? फिलिपिन्समध्ये धूम्रपान करणाऱ्यांना एक खातं उघडून दिलं. सहा महिने त्यात पैसे साठवायचे, शेवटी लघवीची तपासणी. निकोटिन सापडलं नाही तर पैसे परत, सापडलं तर ते दानात जायचे. ज्यांना हे खातं देऊ केलं, त्यांच्यात वर्षभरानंतरही सोडणाऱ्यांचं प्रमाण थोडं का होईना, जास्त होतं. अमेरिकेत २०१५ साली अशाच अनामत योजनेची साध्या बक्षिसाशी तुलना झाली. साधं बक्षीस ९० टक्के लोकांनी स्वीकारलं, अनामत ठेवायला मात्र १४ टक्केही तयार झाले नाहीत. ज्याच्या घरात महिनाअखेर पैसा उरतच नाही, त्याला ‘आधी पैसे ठेव’ म्हणणं या जिल्ह्यांत तर आणखीच अवघड.

चेन्नईचे रिक्षावाले

व्यसन आणि पैसा यांच्यावरचा आपल्या देशातला सर्वांत बोलका प्रयोग चेन्नईत झाला. फ्रँक शिलबाख या अर्थशास्त्रज्ञाने २२९ सायकलरिक्षावाल्यांबरोबर तीन आठवडे काम केलं. ही माणसं दिवसभर ओझं ओढतात, अंग ठणकतं, आणि त्यावर उतारा म्हणून दिवसाढवळ्याच पितात. त्यांनी रोज संध्याकाळी कार्यालयात यायचं, श्वास तपासणाऱ्या यंत्रात फुंकायचं. एका गटाला पिऊन आलं तर ६० रुपये, न पिता आलं तर १२०. दुसऱ्या गटाला काहीही असलं तरी ९० रुपये. शिवाय प्रत्येकाला रोज थोडे पैसे बाजूला टाकायची सोय करून दिली होती.

दिवसाचं पिणं स्पष्टपणे घटलं. एकूण दारू मात्र फारशी कमी झाली नाही, कारण बऱ्याच जणांनी पिण्याची वेळ रात्रीवर ढकलली. पण त्यातूनही मोठी गोष्ट घडली. शुद्धीत राहण्याचे पैसे मिळणाऱ्यांची बचत सुमारे ६० टक्क्यांनी वाढली. दारूचे पैसे वाचले एवढ्याने या वाढीचा पूर्ण उलगडा होत नव्हता. डोकं ठिकाणावर असलेला माणूस उद्याचा विचार करू शकत होता.

सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष अखेरचा. या माणसांना निवड दिली गेली: काहीही अट नसलेले पैसे घ्या, किंवा न पिण्याची अट असलेले. अटीचे पैसे घेताना पदरचं नुकसान होण्याची शक्यता असतानाही निम्म्याहून जास्त लोकांनी ती अट मागून घेतली. त्यांना दारू सोडायची होती आणि एकट्याने ते होणार नाही हेही त्यांना ठाऊक होतं. दारुड्याला शरम नसते, इच्छाशक्ती नसते, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. चेन्नईच्या रिक्षावाल्यांनी ते खोटं ठरवलं. त्यांनी आधार मागितला होता.

बुडालेली मजुरी

गडचिरोली हा सुमारे साडेचौदा हजार चौरस किलोमीटरचा जिल्हा. १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा झाला. दोन-तृतीयांशाहून जास्त भूभाग जंगलाचा, आणि २०११च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत. भामरागडहून जिल्ह्याचं ठिकाण दीडशे किलोमीटरहून दूर आहे, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की ते गाव जगापासून तुटत आलं आहे. इथे दवाखान्यात जायचं म्हणजे केवळ भाडं लागतं असं नाही, दिवस जातो. धानाच्या रोवणीत किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात गेलेला दिवस म्हणजे बुडालेली रोजी.

ही गोष्ट सरकारी योजनांच्या भाषेतही आली आहे. आदिवासी भागात कुपोषित मूल दवाखान्यात दाखल करणाऱ्या आईबापाला जे पैसे मिळतात त्यांना ‘बुडीत मजुरी’ म्हणतात. नवसंजीवनी योजनेखालच्या मातृत्व अनुदानात गरोदर बाईला तपासणीसाठी ४०० रुपये रोख आणि ४०० रुपयांची औषधं अशी तरतूद आहे. दुर्गम गावांतल्या बायांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्राशेजारी ‘माहेरघर’ असतं. दिवस भरत आले की बाई नातेवाइकासोबत तिथे येऊन राहते, म्हणजे ऐन वेळी पुराचा नाला ओलांडायची पाळी येत नाही. क्षयरोगाच्या उपचारात, अधिसूचित आदिवासी भागातल्या रुग्णाला प्रवासासाठी एकदा ७५० रुपये मिळतात.

या सगळ्याला बक्षीस म्हणायचं की भरपाई? या जिल्ह्यांत भरपाई हेच नाव खरं आहे. राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यात ‘सेवा मंदिर’ या संस्थेबरोबर झालेला प्रयोग ते नेमकं दाखवतो. १३४ गावांपैकी काही गावांत काहीच केलं नाही. तिथे पूर्ण लसीकरण झालेली मुलं होती ६ टक्के. काही गावांत ठरल्या दिवशी, न चुकता भरणारी शिबिरं घेतली. तिथे प्रमाण १८ टक्क्यांवर गेलं. उरलेल्या गावांत शिबिराबरोबर प्रत्येक डोसाला एक किलो डाळ आणि सगळे डोस पुरे झाले की ताटं दिली. तिथे ३९ टक्के. आईबापांना लस नको होती असं नव्हतं. ‘आज नको, पुढच्या वेळी’ असं होत होतं. डाळीने तो दिवस मोलाचा केला. आणखी एक गोष्ट विसरायची नाही: आधी शिबिर भरवशाचं झालं, मग डाळीला अर्थ आला. सिस्टर येईल की नाही याचीच खात्री नसेल तर डाळ काय करणार?

एकदाच करायच्या कामाला, म्हणजे लस, तपासणी, बाळंतपण यांना, अशी भरपाई चांगली लागू पडते. एक दिवस निघायचं असतं, आणि निघण्याच्या आड येणारा अडसर पैशाने दूर होतो. रोजच्या सवयीचं गणित निराळं आहे.

गोळीमागचा नंबर

क्षयरोगाचा साधा उपचार सहा महिने चालतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, माणूस कामाला लागतो, आणि इथेच गोळ्या सुटण्याचा धोका असतो. पूर्वी गोळी आरोग्य कार्यकर्त्यासमोर गिळायची पद्धत होती. मग मोबाइलचा आधार घेणारी ‘नाइन्टीनाइन डॉट्स’ ही पद्धत आली. गोळ्यांच्या पाकिटाला जाड कागदाचं वेष्टन. गोळी दाबून बाहेर काढली की कागद फाटतो आणि त्यामागे छापलेला फोन नंबर दिसतो. आज कुठला नंबर निघणार हे आधी कळत नाही. त्या नंबरावर मिस्ड कॉल द्यायचा. खर्च शून्य, साधा बटणांचा फोनही चालतो. कॉल आला नाही तर आरोग्य कार्यकर्त्याला कळतं.

पाकीट, कागद आणि मिस्ड कॉल एवढ्यावर उभी असलेली ही कल्पना गरिबाच्या फोनचा आदर करणारी आहे. पण तिच्या मर्यादाही पुढे आल्या. लघवीच्या तपासणीशी ताडून पाहिल्यावर असं दिसलं की कॉल आणि गोळी यांचा मेळ नेहमी बसत नाही. गोळी घेतलेली असते पण कॉल दिलेला नसतो, आणि उलटही होतं. गडचिरोलीतल्या एटापल्ली-कोरचीच्या ज्या पाड्यांवर रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं, तिथे शांत फोनचा अर्थ ‘औषध सोडलं’ असा लावणं अन्यायाचं होईल. न आलेला कॉल म्हणजे ‘जाऊन बघा’ एवढाच निरोप.

पैशाचीही वाट सरळ नसते. क्षयरुग्णाला खाण्यासाठी पैसे देणारी निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८मध्ये महिना ५०० रुपयांनी सुरू झाली. नोव्हेंबर २०२४पासून रक्कम हजार झाली, आणि तीन-तीन हजारांचे दोन हप्ते ठरले: पहिला निदान होताच, दुसरा उपचाराचे ८४ दिवस पुरे झाल्यावर. हा बदल शहाणपणाचा आहे, कारण खाण्याची गरज आजाराच्या सुरुवातीला सर्वांत जास्त असते. मात्र पैसे उशिरा येतात ही तक्रार देशभरातल्या अभ्यासांत वारंवार नोंदली गेली आहे. खातं नसतं, असलं तर बंद पडलेलं असतं, आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव जुळत नाही. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला तरी रोख हातात यायला बँक मित्राच्या यंत्रावर अंगठा लावावा लागतो, आणि शेतात घासून गेलेला अंगठा यंत्र नेहमी ओळखत नाही. बक्षीस हे आजच्या दिवसात मिळावं म्हणून असतं. ते तीन महिन्यांनी आलं तर मदत म्हणून उपयोगी पडेल, पण सवयीशी त्याची गाठ तुटलेली असते.

म्हणूनच झारखंडमधला ‘रेशन्स’ अभ्यास इथल्या आरोग्य यंत्रणेने जवळून पाहावा. क्षयरुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही शिधा दिला, तेव्हा घरात नव्याने क्षयरोग होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. सुदृढ व्हायला आधी पोटात अन्न लागतं. ते खात्यातून येतं की पोत्यातून, हे गाव पाहून ठरवावं.

पावलं मोजणारा फोन

स्मार्टफोन आणि बक्षीस म्हटलं की शहरी माणसाला पावलं आठवतात. सिंगापूर सरकारने २०१५ साली राष्ट्रीय पावलं स्पर्धा सुरू केली. चाला, गुण मिळवा, त्यांवर खरेदीचं व्हाउचर घ्या. भारतात कोइंबतूरला मधुमेह असलेल्या किंवा त्याच्या उंबरठ्यावर असलेल्या सुमारे ३,२०० लोकांबरोबर असा प्रयोग झाला. दिवसाला दहा हजार पावलं झाली तर २० रुपयांचं मोबाइल रिचार्ज. लोकांचं चालणं सुमारे २० टक्क्यांनी वाढलं, म्हणजे रोज १३ मिनिटांच्या झपझप चालण्याइतकं. आठवड्यात किमान चार-पाच दिवस लक्ष्य गाठलं तरच पैसे, अशी अट घातली तेव्हा तेवढंच चालणं कमी खर्चात साधलं.

मोहफुलं वेचायला पहाटे निघून टोपली डोक्यावर घेऊन परतणाऱ्या बाईला हे अ‍ॅप काय देणार? तिची पावलं कधीच पुरी झालेली असतात. तिच्या आरोग्याचा प्रश्न दुसरीकडे आहे, आणि तो कुठे आहे हे गडचिरोलीतल्याच संशोधनाने दाखवून दिलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या ८६ गावांतल्या पाहणीत २०११ ते २०१३ या काळातल्या मृत्यूंची कारणं शोधली गेली. दर सात मृत्यूंमागे एक, म्हणजे १४.३ टक्के मृत्यू लकव्याच्या झटक्याने झालेले होते. हेच मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं. हिवतापाच्या आणि कुपोषणाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात!

लकव्यामागे रक्तदाब असतो, आणि तंबाखू त्याला साथ देते. म्हणजे इथे लावायची सवय रोज एक गोळी घेण्याची आहे, महिन्याला दाब मोजून घेण्याची आहे, आणि सोडायची सवय खर्र्याची. यातलं काहीच खिशातला फोन आपोआप मोजू शकत नाही. दुसऱ्या मुलखासाठी बनलेलं अ‍ॅप उचलून इथे आणलं तर ते निरोगी चालणाऱ्याला बक्षीस देईल आणि दाब वाढलेल्याला ओळखणारही नाही.

फोनही सगळ्यांच्या हाती नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. घरचा एकुलता फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असेल, तर बाईच्या नावाचा निरोप आणि बाईच्या नावाचे पैसे दोन्ही दुसऱ्याच्या हाती पडतात.

तरी फोनचा चांगला उपयोग कसा होतो, हे मुंबईच्या ‘अरमान’ संस्थेने दाखवलं आहे. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ साली सुरू केलेल्या या संस्थेची ‘एममित्र’ सेवा गरोदर बाईला तिने सांगितलेल्या वेळी फोन करते आणि त्या-त्या आठवड्याची माहिती बोलून सांगते. काही बायका हळूहळू फोन ऐकणं सोडतात. अशा कोण असतील याचा अंदाज संगणकाकडून घेऊन फक्त त्यांना कार्यकर्तीने स्वतः फोन केला, तेव्हा गळती सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. यंत्राने एवढंच सांगितलं की आज कुणाशी बोलायला हवं. बोललं माणूसच. गडचिरोलीत हे करायचं तर मराठी पुरणार नाही. माडिया, गोंडी, सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेऱ्याकडे बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी लागेल. शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०१०पासून ‘सीजीनेट स्वर’ने गोंडीतून फोनवर बोलण्या-ऐकण्याची सोय केली होती. लिहिता-वाचता न येणाऱ्यापर्यंत आवाज पोचतो हे तिथे सिद्ध झालेलं आहे.

गाव ठरवतं तेव्हा

खर्रा वाटून खाल्ला जातो, हे सुरुवातीला पाहिलं. त्यात या सवयीचं बळ आहे आणि तिच्यावरचा उपायही. ज्याला सोडायचं आहे तो दिवसात दहा वेळा नकार देतो, आणि प्रत्येक नकार हा समोरच्याचा पाहुणचार नाकारणं ठरतो. एकट्या माणसाच्या खात्यात कितीही रक्कम टाकली तरी ही अडचण सुटत नाही. चौकातल्या चार जणांनी एकदम ठरवलं तर सुटते.

या दोन जिल्ह्यांना सामुदायिक निर्णयांचा अनुभव मोठा आहे. लोकांच्या आंदोलनानंतर गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपूरमध्ये बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, पदयात्रा केल्या. १ एप्रिल २०१५ला तिथे बंदी आली आणि २०२१ साली सरकारने ती उठवली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने एकमताने निर्णय घेण्याची रीत घालून देशाला ग्रामसभेचा अर्थ दाखवला. २०१६पासून सरकार, ‘सर्च’ आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या सहभागाने गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ हा दारू आणि तंबाखू कमी करण्याचा जिल्हाव्यापी कार्यक्रम चालू आहे. गावोगाव संघटना, विक्री बंद करण्याचे ठराव, मोडणाऱ्याला गावाचा दंड, तालुक्याच्या ठिकाणी व्यसनमुक्तीचे दवाखाने, तंबाखूमुक्त शाळा आणि कचेऱ्या अशी त्याची अंगं आहेत. इथे बक्षीस कुणा एकाच्या खात्यात जात नाही. ते असतं गावातल्या बायांना मिळालेली शांत संध्याकाळ.

पैसे कुणाला द्यावेत याचाही उत्तम धडा गडचिरोलीतच आहे. १९९५पासून ‘सर्च’ने ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बायांना प्रशिक्षण दिलं. त्या बाळाचं वजन करत, ऊब कशी द्यायची, दूध कसं पाजायचं हे आईला दाखवत, जंतुसंसर्ग ओळखून औषध देत. हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ होते, ते तिसऱ्या वर्षी २५.५वर आले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे काम प्रसिद्ध झालं आणि २०११पासून देशभरच्या आशाताईंच्या कामात आलं. बाळाला ऊब देण्यासाठी, अंगावर पाजण्यासाठी आईला कुणी पैसे दिले नाहीत, आणि देण्याची गरजही नव्हती. पैसे ठेवले गेले घरोघरी जाणाऱ्या बाईसाठी. राष्ट्रीय कार्यक्रमात आशाताईला ठरलेल्या भेटी, वजनाची नोंद, लस आणि जन्मनोंदणी झाल्यावर एका बाळामागे २५० रुपये मिळतात. सवय आईला लागली. तिच्या दारात वेळेवर कुणीतरी येत राहिलं, ते या पैशामुळे.

इथे कसं करता येईल

या सगळ्यातून मला दोन जिल्ह्यांसाठी दोन वाटा दिसतात. चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणी आहेत, महाऔष्णिक वीज केंद्र आहे, बल्लारपूरचा कागद कारखाना आणि राजुरा-कोरपन्याकडचे सिमेंटचे कारखाने आहेत. तिथे हजारो माणसं एका फाटकातून रोज आत जातात, त्यांत कंत्राटी कामगार पुष्कळ. अमेरिकेतल्या कंपन्यांत जे प्रयोग झाले, ते घडण्याजोगी ही जागा आहे. फाटकाशी रक्तदाब मोजणं, तंबाखू सोडणाऱ्या टोळीला मिळून बक्षीस, आणि ते पगाराबरोबर वेगळ्या पाकिटात. मात्र नियम पक्के हवेत: बक्षीस मिळावं, रोजी कापली जाऊ नये, आणि कामगाराच्या तब्येतीची माहिती कंत्राटदाराच्या हाती जाऊ नये.

गडचिरोलीत गाव हाच घटक धरावा. तेंदूपत्त्याच्या हंगामात फळीवर, म्हणजे पत्ता विकत घेतला जातो त्या ठिकाणी, रोख येते, तेव्हा ठेल्यावरची गर्दीही वाढते. ग्रामसभेने त्याच दिवसांत खर्रा-दारूविना हंगाम काढायचं ठरवलं, तर त्याचं बक्षीस गावाला सामूहिक द्यावं. त्याचं काय करायचं हे ग्रामसभेने ठरवावं. रक्तदाबाच्या गोळ्या आशाताईने घरी पोचवाव्यात, तिच्या फोनवर त्या आठवड्यात कुणाकडे जायचं याची यादी यावी, आणि दवाखान्यात जावं लागणाऱ्याला बुडालेल्या दिवसाची भरपाई त्याच दिवशी मिळावी. तंबाखू सोडू पाहणाऱ्याला राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-११-२३५६ आहेच. तिच्या जोडीला तालुक्यातला ओळखीचा आवाज हवा.

पैसा वाटेतला अडसर काढतो. फोन कुणाला सोबतीची गरज आहे ते कळवतो. सवय लागते आणि सुटते ती माणसांच्या संगतीत. म्हणून या जिल्ह्यांसाठी नवं अ‍ॅप बनवायला निघालेल्या प्रत्येकाने आधी दोन तारखा पाळून दाखवाव्यात: रुग्णाच्या खात्यात ठरलेली रक्कम पडण्याची आणि आशाताईला तिच्या कामाचा मोबदला मिळण्याची. त्या पाळल्या गेल्या, तर लोक फोनवरच्या पुढच्या निरोपावर विश्वास ठेवतील. त्या चुकत राहिल्या, तर कितीही हुशार यंत्र आणलं तरी त्याचं कुणी ऐकणार नाही.